खराब अंड्यामुळे विषबाधा झाली तर: पहिल्या तासापासून पूर्ण बरं होईपर्यंत काय करायचं

कुजलेलं अंडं फोडलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. तो उग्र दर्प हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो आणि तो आल्यावर अंडं कढईत जात नाही, कचऱ्यात जातं. म्हणजे खऱ्या अर्थाने नासलेलं अंडं फारसं कोणाच्या पोटात जातच नाही. अंड्यामुळे आजारी पडलेल्या बहुतेकांनी जे अंडं खाल्लेलं असतं, त्याला वास नव्हता, रंग बदललेला नव्हता आणि चवही नेहमीचीच होती. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वास ही अंडं फेकण्याची खूण आहे, पण वास नसणं ही अंडं सुरक्षित असल्याची खूण नाही.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट उपचाराबद्दल आहे. विषबाधा झाली की घरात पहिली धावपळ गोळ्यांसाठी होते. खरं तर माणसाला धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. ती भरपाई वेळेवर झाली तर बहुतेक निरोगी माणसं कोणत्याही प्रतिजैविकाशिवाय बरी होतात. म्हणून खाली औषधांपेक्षा पाण्यावर जास्त लिहिलं आहे.

अंड्यात नेमकं काय बिघडतं

अंडं दोन वेगळ्या प्रकारे बिघडतं आणि हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिला प्रकार कुजण्याचा. कवचावर ७ हजार ते १७ हजार सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून, किंवा बारीकशा तड्यातून, स्यूडोमोनास आणि प्रोटियस यांसारखे जंतू आत शिरतात आणि प्रथिनं कुजवतात. त्यातून वास, हिरवट किंवा गुलाबी छटा, काळे डाग असं सगळं दिसतं. हा बिघाड स्वतःच आपली वर्दी देतो.

दुसरा प्रकार साल्मोनेलाचा. काही कोंबड्यांच्या अंडाशयात आणि बीजवाहिनीत हे जंतू राहतात आणि कवच तयार होण्याआधीच अंड्याच्या आत पोचतात. कोंबडी धडधाकट दिसते, अंडंही स्वच्छ दिसतं. ताज्या अंड्यात त्यांची संख्या अगदी थोडी असते, कारण पांढऱ्या भागात जंतूंना रोखणारी विकरं आणि लोह बांधून ठेवणारी प्रथिनं असतात. पिवळ्या बलकात मात्र जंतूंना हवं ते सगळं असतं. बलकाभोवतीचा पातळ पडदा त्याची राखण करतो. अंडं जुनं होत गेलं, त्यातही ते उष्ण जागी राहिलं, तर हा पडदा सैल होतो, बलकातली पोषक द्रव्यं बाहेर झिरपतात आणि जंतू झपाट्याने वाढतात. जुनं अंडं वासाने ठीक वाटलं तरी जास्त धोक्याचं का, याचं उत्तर इथे आहे.

वाढ किती झपाट्याने होते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. अनुकूल तापमानात साल्मोनेलाची संख्या २० ते ३० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. २० मिनिटं धरली तर एका जंतूचे ८ तासांत १ कोटी ६० लाखांहून अधिक होतात. हा सगळ्यात वाईट परिस्थितीतला आकडा झाला, पण अंड्याचा पदार्थ रात्रभर ओट्यावर का ठेवू नये, हे त्यातून कळतं.

नुकतंच खाल्लं आहे, अजून त्रास नाही

एक घास खाल्ल्यावर चव विचित्र लागली किंवा उरलेलं अंडं खराब निघालं, तर तोंडातला घास थुंका, चूळ भरा, हात साबणाने धुवा. बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पिऊन उलटी काढू नका. त्याने सगळे जंतू बाहेर पडत नाहीत, उलट घशाला इजा होते, उलटीचा अंश श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि जास्त मीठ पोटात गेलं तर तेच जिवावर बेतू शकतं. लहान मुलांच्या बाबतीत तर हा उपाय कधीच करू नये.

यानंतर घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा. काय खाल्लं, किती खाल्लं, अजून कोणी खाल्लं, तेही लिहा. पुढे डॉक्टरकडे जावं लागलं तर हा कागद फार कामाला येतो. मग शांतपणे नेहमीसारखं पाणी पीत राहा. खराब अंड्याचा एखादा घास पोटात गेल्यावर अनेकांना काहीच होत नाही. जठरातलं आम्ल बऱ्याच जंतूंना मारतं. मात्र ॲसिडिटीसाठी रोज आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं हे संरक्षण दुबळं असतं, त्यांनी जास्त सावध राहावं.

साल्मोनेलाची लक्षणं बहुधा ६ ते ७२ तासांत दिसतात, कधीकधी सहा दिवसांपर्यंतही लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून विषय संपला असं समजू नका.

एक गोष्ट मात्र इथेच वेगळी काढायला हवी. अंडं खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ती विषबाधा नव्हे, ॲलर्जी आहे. त्यात वाट पाहायची नसते. लगेच रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट आपत्कालीन विभाग गाठा.

त्रास किती वेळाने सुरू झाला

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण उत्तरावरून कारणाचा बराच अंदाज बांधता येतो.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत जोरदार उलट्या सुरू झाल्या आणि ताप नसला, तर बहुधा स्टॅफिलोकोकस जंतूचं विष कारणीभूत असतं. हा जंतू पदार्थ हाताळणाऱ्याच्या हातावरून किंवा नाकातून येतो. पदार्थ शिजल्यानंतर बाहेर पडून राहिला की त्यात तो विष तयार करतो. उकडून सोललेली अंडी, अंड्याचं सारण, कस्टर्ड यांत हे घडतं. भातात किंवा नूडल्समध्ये अंडं घालून केलेला पदार्थ असेल तर बॅसिलस सिरियस हा दुसरा संशयित. त्याच्या उलट्या एक ते सहा तासांत सुरू होतात. या दोन्ही विषांची खोड अशी की पदार्थ पुन्हा गरम केला तरी ती नष्ट होत नाहीत. अशा उलट्या त्रासदायक असल्या तरी साधारण एका दिवसात थांबतात.

सहा तासांनंतर, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, थंडी वाजून ताप, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, डोकेदुखी असं सुरू झालं तर साल्मोनेलाचा संशय घ्यावा. हा त्रास चार ते सात दिवस चालतो. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, मग हळूहळू उतार.

लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात. पण साल्मोनेलाच्या बाबतीत आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी काय खाल्लं, ते आठवावं लागतं.

पाणी, मीठ आणि साखर

जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही. पाण्यासोबत सोडियम आणि पोटॅशियमही जातं. आतड्याच्या आतल्या थरात एक अशी वाट आहे जिथून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. म्हणूनच ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात तोंडाने प्यायच्या मीठ-साखरेच्या द्रावणात, साखर असते, ती चवीपुरती घातलेली नाही.

याची ताकद १९७१ मध्ये जगाला दिसली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं आणि डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. कॉलरात जे चाललं ते अंड्यामुळे झालेल्या जुलाबात नक्कीच चालतं.

तयार पाकीट मिळालं तर तेच घ्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. द्रावण दाट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर क्षार पुरत नाहीत. त्यात दूध, सरबत, जास्तीची साखर घालू नका. केलेलं द्रावण २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.

पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा भरल्यावर वर आलेला ढीग सुरीच्या पाठीने काढून टाका. आधी मीठ घालून चव बघा. ते अश्रूंपेक्षा खारट लागलं तर द्रावण टाकून पुन्हा करा, विशेषतः मुलासाठी असेल तर. या घरगुती मिश्रणात पोटॅशियम नसतं, म्हणून थोडं सावरल्यावर केळं किंवा उकडलेला बटाटा द्यावा.

कसं पाजायचं, यावर बरंच अवलंबून असतं. तहान लागली म्हणून एका दमात ग्लास रिकामा केला की पोट ताणतं आणि सगळं उलटून पडतं. मग घरचे म्हणतात, पाणीच ठरत नाही. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग दर दोनतीन मिनिटांनी एक एक चमचा द्या. हे कंटाळवाणं काम आहे, कोणीतरी शेजारी बसून करायचं काम आहे, पण तासाभरात अशा चमच्यांनीही बरंच पाणी पोटात जातं. तासभर उलटी झाली नाही की घोट मोठे करा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, आणि मोठ्या माणसाला पिववेल तेवढं, साधारण प्रत्येक वेळी एक ग्लास. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध अजिबात बंद करू नका, उलट अधिक वेळा पाजा. मुलांमध्ये डॉक्टर सहसा १० ते १४ दिवस झिंक देतात. त्याने जुलाबाचे दिवस कमी होतात. जुलाब थांबले तरी दिलेला कोर्स पुरा करा.

शीतपेयं, बाटलीबंद फळांचे रस आणि खेळाडूंची पेयं यांना ओआरएसची जागा देऊ नका. त्यांत साखर फार आणि मीठ कमी असतं, जास्त साखरेने आतड्यात पाणी उलट ओढलं जातं. चहा-कॉफी आणि मद्यही टाळा.

मधुमेह असलेले अनेकजण साखर आहे म्हणून ओआरएस घेत नाहीत. या आजारात ते घेणं गरजेचं आहे, फक्त रक्तातली साखर अधिक वेळा तपासा. रक्तदाबाच्या, लघवी जास्त करवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला जाचक ठरतात. त्या स्वतःहून बंद करू नका, पण जुलाब सुरू झाल्याच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारा. याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पुरेसं पाणी जातंय की नाही, हे लघवीवरून कळतं. फिकट पिवळी आणि दर चारसहा तासांनी होत असेल तर ठीक चाललं आहे.

खाणं आणि औषधं

उपाशी ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही. उलट्या थांबल्या आणि भूक लागली की मऊ भात, केळं, टोस्ट, उकडलेला बटाटा, दही असं थोडं थोडं सुरू करा. तेलकट, तिखट आणि खूप गोड पदार्थ चारपाच दिवस नकोत. दुधाने पोट फुगत असेल तर तेही आठवडाभर बाजूला ठेवा. जुलाबानंतर दुधातली साखर पचवण्याची ताकद काही काळ कमी होते.

आता औषधं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी घरात असते आणि हात तिकडेच जातो. ताप असेल किंवा शौचात रक्त-शेम असेल तर ती घेऊ नका, कारण तेव्हा जंतू आणि विष बाहेर पडण्याची वाटच आपण अडवतो. मुलांना तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीच देऊ नये. तापासाठी पॅरासिटामॉल वजनानुसार ठीक. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मात्र टाळा, अंगातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर आणि जठरावर ताण आणतात.

प्रतिजैविकांबद्दल माझं मत ठाम आहे. मागच्या वेळची उरलेली गोळी किंवा दुकानातून विचारून आणलेली गोळी घेऊ नका. साध्या साल्मोनेला जुलाबात प्रतिजैविकांनी आजाराचे दिवस कमी होत नाहीत, उलट बरं झाल्यावरही शौचातून जंतू जास्त काळ बाहेर पडत राहू शकतात. तान्ही बाळं, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, किंवा संसर्ग रक्तात पसरलेले रुग्ण यांना ती लागतात आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

घरी थांबायचं नाही, अशा वेळा

शौचात रक्त दिसलं. ताप ३९ अंश सेल्सियस, म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या वर गेला. चमच्याने पाजलेलंही पोटात ठरत नाही. जुलाब तीन दिवसांनंतरही तसेच आहेत. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती अगदी गडद आणि थोडी आहे. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस ग्लानीत आहे, बोलणं असंबद्ध आहे. पोट सतत आणि एकाच जागी दुखतं आहे. यांतलं एक जरी असलं तरी डॉक्टरकडे जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

बाळाच्या बाबतीत खुणा वेगळ्या असतात: रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, टाळू आत बसलेली, सहा तासांत लंगोट ओला नाही, किंवा बाळ नेहमीसारखं रडण्याऐवजी मलूल पडून आहे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पाणी बरंच कमी झालं आहे. म्हाताऱ्या माणसांत ही चिमटीची परीक्षा फसवी ठरते, त्यांची कातडी एरवीही सैल असते.

तीन महिन्यांखालचं बाळ, गर्भवती, ६५ वर्षांवरची व्यक्ती, कर्करोगाचे उपचार घेणारी, अवयव प्रत्यारोपण झालेली, स्टेरॉइड घेणारी, सिकल सेल असलेली व्यक्ती यांच्या बाबतीत धोक्याच्या खुणांची वाट पाहू नये, पहिल्या दिवशीच दाखवावं. साल्मोनेला आतड्यातून रक्तात जाऊन हाडांत किंवा मेंदूच्या आवरणात पोचतो तो मुख्यतः अशाच रुग्णांमध्ये.

एक विरळ पण गंभीर शक्यता अशी: घरी मुरवून बरणीत भरलेली अंडी खाल्ल्यावर दोन दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं असं झालं तर तो बॉट्युलिझम, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या जंतुविषाची बाधा, असू शकतो. यात जुलाब नसतीलही. थेट रुग्णालय गाठा आणि अंड्यांची बरणी आठवणीने सांगा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर मघाचा कागद काढा. कधी खाल्लं, किती तासांनी त्रास झाला, अजून कोणाला झाला, उलट्या-जुलाब किती वेळा, शेवटची लघवी कधी, कोणती औषधं चालू आहेत. साल्मोनेला पक्का करायचा तर शौचाचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, करावं लागतं आणि अहवालाला दोनतीन दिवस लागतात. शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी नमुना द्या. खूप ताप असेल तर रक्ताचंही कल्चर करतात. टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच्याच कुळातला असला तरी तो आजार वेगळा, तो अंड्यातून येत नाही.

घरातले बाकीचे आणि उरलेला पदार्थ

एकाच जेवणातून दोन किंवा अधिक माणसं आजारी पडली असतील तर उरलेला पदार्थ घाईने फेकू नका. स्वच्छ पिशवीत बंद करा, त्यावर तारीख आणि 'खाऊ नये' असं लिहा, फ्रिजमध्ये इतर अन्नापासून लांब ठेवा. अंड्यांचं खोकं आणि त्यावरची तारीखही ठेवा. बाहेरचं अन्न असेल तर तुमच्या भागातल्या अन्नसुरक्षा किंवा आरोग्य विभागाला कळवा. अशा तक्रारींवरूनच मोठे उद्रेक सापडतात.

आजारी माणसाने शेवटचा जुलाब थांबल्यानंतर ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये. मुलांनी तेवढा काळ शाळेत जाऊ नये. शौचानंतर साबणाने निदान २० सेकंद हात धुणं हा घरातली संसर्गाची साखळी तोडणारा मुख्य उपाय आहे, कारण बरं वाटू लागल्यावरही कित्येक आठवडे जंतू शौचातून जात राहतात. टॉवेल वेगळा ठेवा. संडासाचा नळ, फ्लशचं बटण, दाराची मूठ आधी साबणाने आणि मग ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

बरं झाल्यानंतर

अशक्तपणा आठवडाभर राहतो, शौचाचं वेळापत्रक सुरळीत व्हायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. काळजीचं असं काही नाही. मात्र एक ते तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा किंवा पाठ दुखू लागली, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांना मागच्या विषबाधेबद्दल जरूर सांगा. संसर्गानंतर काहींना सांधेदाह होतो आणि जुलाबाशी त्याचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

अंडं पाण्यात टाकून बघायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फारच जुनं. अंड्यातलं पाणी छिद्रांवाटे उडून आतली हवेची पोकळी मोठी होते, म्हणून असं घडतं. पण ही परीक्षा वय सांगते, साल्मोनेला आहे की नाही ते सांगत नाही. तळाशी बसलेलं अंडंही पूर्ण शिजवूनच खायचं.

प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा आणि मग भांड्यात घाला. एका खराब अंड्याने दहा चांगली वाया जात नाहीत. पांढरा भाग किंचित ढगाळ असेल तर ते ताजेपणाचं लक्षण आहे. रक्ताचा ठिपका निरुपद्रवी. उकडलेल्या बलकाभोवतीची हिरवट कडा जास्त उकडल्याने येते, तीही निरुपद्रवी. गुलाबी, हिरवा किंवा चमचमता पांढरा भाग, काळे ठिपके, किंवा तडा गेलेलं, चिकट कवच असेल तर विचार न करता फेका.

फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात, खोक्यासकट, आतल्या फळीवर ठेवा. दारात नको, तिथे उघडझाप सतत होते. कवचासकट कच्ची अंडी अशी तीन ते पाच आठवडे टिकतात. एकदा गार केलेली अंडी पुन्हा बाहेर काढून ठेवू नका. कवचावर दव धरतं आणि त्या ओलीतून जंतू आत जायला मदत होते. ठेवण्याआधी धुणंही टाळा. धुतल्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि गार पाण्याने आतला भाग आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. उकडलेली अंडी कच्च्यापेक्षा लवकर खराब होतात, हे अनेकांना माहीत नसतं. ती फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवावीत.

शिजवलेला अंड्याचा पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त नको. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. शिजवताना पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट व्हायला हवेत. अंडं मिसळलेल्या पदार्थाचा मधला भाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत गेला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर त्याचा इथे खरा उपयोग आहे. वर सांगितलेल्या नाजूक गटातल्या माणसांनी आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी हाफ फ्राय किंवा मऊ बलकाचं अंडं खाऊ नये.

कच्च्या अंड्याचा हात, वाटी, फेटणी आणि ओटा लागलीच साबणाने धुवा. १९९४ मध्ये अमेरिकेत अंदाजे २ लाख २४ हजार लोक आइस्क्रीम खाऊन आजारी पडले. आइस्क्रीमचं मिश्रण पाश्चराइज केलेलं होतं, पण ते ज्या टँकरांतून नेलं त्यांतून आधी कच्च्या अंड्याचा द्रव वाहून नेलेला होता. घरातली न धुतलेली फेटणी हेच काम छोट्या प्रमाणात करते.

घरचं मेयोनीज, मूस, केकचं कच्चं पीठ, कच्च्या अंड्याचं आइसिंग यांसाठी पाश्चराइज्ड अंडी मिळाली तरच ती वापरा. लिंबू, व्हिनेगर किंवा मद्य घातल्याने जंतू मरतीलच याचा भरवसा नाही. आणि ताकदीसाठी कच्चं अंडं दुधात ढवळून पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: कच्च्या अंड्यातली जवळपास निम्मीच प्रथिनं शरीर शोषून घेतं, शिजवलेल्या अंड्यातली साधारण ९० टक्के.